राउटरच घरचा डीएनएस, आणि तो सेकंडरीचा रकाना: काही महिने वापरल्यानंतर

नेट गेलं तरी घरातला प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र) नावाने सापडला पाहिजे, एवढीच माझी मागणी होती. नेटवाल्या कंपनीने कनेक्शनसोबत दिलेल्या डब्याला तेवढंही जमत नव्हतं. कोपरखैरणेत आमचं रो हाऊस आहे, खाली बायकोचे दहावीचे क्लास, मधे आम्ही, वर आईबाबा, आणि तिन्ही मजल्यांवरचं सगळं एकाच नेटवर्कवर. मागच्या आठवड्यात गटाराचं काम करताना जेसीबीने फायबर तोडली, संध्याकाळपर्यंत नेट नाही, पण क्लासच्या प्रश्नपत्रिका वेळेवर निघाल्या आणि आईने वर बसूनच गेटचा कॅमेरा बघून कुरिअरवाल्याला थांबवलं. खरंच खूप बरं वाटलं, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना डीएनएस, डीएचसीपी माहिती आहे त्यांना परत सांगत बसत नाही, बाकीच्यांसाठी एवढंच: डीएनएस म्हणजे नाव विचारलं की त्याचा आयपी पत्ता सांगणारा, आणि डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटणारा. आधी मी फक्त एक जुना राउटर लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणला, १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमवाला (त्याच्या खालचं ओपनडब्ल्यूआरटीसाठी घेऊच नका, स्वस्त मिळालं तरी), त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलं आणि कंपनीच्या डब्यामागे नुसता डीएनएससाठी लावला. मग डब्याच्या डीएचसीपी पानावर प्रायमरी डीएनएसमध्ये या राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.२, आणि सेकंडरी रिकामा ठेवून सेव्ह. पान रिफ्रेश केलं तर सेकंडरीत कंपनीचा डीएनएस आपोआप भरलेला! पुसला, परत भरला. शून्यं टाकली तर म्हणे पत्ता चुकीचा आहे. प्रायमरीतलाच पत्ता तिथेही टाकला तर दोन्ही सारखे चालणार नाहीत म्हणे.

टेक्निशियन आला, चांगला मुलगा होता, पण म्हणाला, "सर, सेकंडरी लागतोच, नाहीतर एक बंद पडला की नेट जाईल ना." मी म्हटलं, "अरे दादा, बाहेरच्याला माझ्या घरातला प्रिंटर कुठेय हे कसं माहिती असणार?" त्याने कस्टमर केअरला फोन लावला, त्यांनी डबा रिस्टार्ट करायला सांगितला.

हे इतकं लावून धरतोय कारण बहुतेक लोक इथेच फसतात. सेकंडरी हा राखीव खेळाडू नसतो. पहिल्याने उत्तर द्यायला जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतं, काही उपकरणं तर दोघांपैकी कोणालाही विचारतात, आणि त्या दुसऱ्याने "असं नावच नाही" म्हणून सांगितलं की ते पक्कं उत्तर झालं, मग पहिल्याला कोणी परत विचारत नाही. म्हणजे प्रिंटर डॉट लॅन (आमच्या प्रिंटरचं घरातलं नाव) सकाळी सापडतो, दुपारी सापडत नाही, लॅपटॉपवर प्रिंटर ऑफलाइन, खाली पोरं ताटकळलेली, आणि प्रिंटरचा हिरवा दिवा मात्र चालू. पूर्ण बंद पडलं असतं तर निदान कळलं तरी असतं. कॉम्प्युटरवर एनएसलुकअप ही कमांड मारून वर कोणत्या सर्व्हरने उत्तर दिलं ते बघा, तिथे लगेच दिसतं.

दोन डीएनएस हवेत हे मलाही मान्य आहे, पण ते राउटरच्या पलीकडे हवेत. घरातल्या सगळ्यांना एकच पत्ता द्यायचा, राउटरचा, आणि राउटरने बाहेर दोघांना विचारायचं. मी १.१.१.१ आणि ९.९.९.९ (क्लाउडफ्लेअर आणि क्वाड९ यांचे सगळ्यांसाठी खुले डीएनएस) ठेवलेत, एक अडला तर दुसरा आहेच, आणि डॉट लॅनचे प्रश्न राउटर बाहेर जाऊच देत नाही. फायबर तुटलेली असताना सगळं चाललं ते यामुळेच.

डब्यातला डीएचसीपी बंद करायचं बटणच कंपनीने लपवलेलं, म्हणून शेवटी ब्रिज मोड मागितला, म्हणजे डब्याने नुसती लाइन पुढे द्यायची, बाकी सगळं माझ्या राउटरने बघायचं. त्यासाठी जी फोनाफोनी करावी लागली ती आठवूनही डोकं फिरतं. लेखी तक्रार टाकल्यावर एकदाचा मिळाला, पीपीपीओईचा (कनेक्शनच्या लॉगिनचा) पासवर्डही मिळाला, आणि आता हा राउटरच मेन. पैसे भरून घेतलेल्या कनेक्शनवर आपल्याच घरातली एक सेटिंग बदलायला एवढं भांडायला लागावं हे मला अजिबात पटत नाही.

आता खुद्द ओपनडब्ल्यूआरटीबद्दल. आतमध्ये काम करतो तो डीएनएसमास्क, सायमन केली यांनी लिहिलेला, डीएचसीपी आणि डीएनएस दोन्ही तोच बघतो, म्हणून उपकरणाला पत्ता देतानाच त्याचं नावही नोंदवतो. फार विचार करून केलेलं काम आहे, मनापासून आवडलं. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो की जाहिराती अडवायला आणि स्पीडसाठी हे करा, आता माझं मत बदललंय. कॅशमुळे (आधीची उत्तरं लक्षात ठेवल्यामुळे) काही मिलिसेकंद वाचतात, ते हाताला जाणवत नाहीत. जाहिरातींची यादी लावली तर बाबांच्या फोनवर एका पेमेंट ॲपचं पान अडकायला लागलं, शेवटी ती काढून टाकली. घरातली नावं, हाच खरा फायदा.

आणि एक खोट आहे ती सांगतोच. कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी डीएनएसमास्क रॅममध्ये ठेवतो, म्हणजे वीज गेली की ती पुसली. जूनमध्ये वीज गेली, राउटर इन्व्हर्टरवर नव्हता, वीज आल्यावर राउटर चालू झाला पण कॅमेरा डॉट लॅन गायब. एनव्हीआर आणि त्याचा स्विच इन्व्हर्टरवर, त्यामुळे राउटर मधे बंद पडला होता हे त्याला कळलंच नाही, दिलेल्या पत्त्याची डिफॉल्ट मुदत १२ तासांची, आणि साधारण अर्धी मुदत सरल्याशिवाय तो ती वाढवून मागायला येत नाही. उपाय सोपा आहे, डीएचसीपीत पत्ता पक्का करा आणि होस्टनेम्सच्या टॅबमध्ये तेच नाव आणि पत्ता हाताने लिहा, ते फ्लॅशमध्ये राहतं. पण हे पहिल्याच पानावर सांगायला हवं होतं. राउटरही आता इन्व्हर्टरवर घेतलाय.

नावांना डॉट लोकल लावू नका, ते दुसऱ्याच पद्धतीसाठी राखीव आहे, आयफोन आणि मॅक राउटरला विचारतच नाहीत. डॉट लॅन चालतं, अगदी नियमाने करायचं तर होम डॉट आर्पा आहे, २०१८ पासून घरगुती नेटवर्कसाठीच ठेवलेलं. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस (फोनने डीएनएसचे प्रश्न गुप्तपणे विचारायची सेटिंग) आलंय, तिथे कोणी सर्व्हरचं नाव टाकलेलं असेल तर तो फोन राउटरला विचारणार नाही, भाच्याच्या फोनवर तेच निघालं. ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएसही बघा. आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही४ ही जुनी) विसरू नका, कंपनीचा डबा मेन असेल तर तो त्या वाटेने स्वतःचा डीएनएस वाटतच राहतो, मग आयपीव्ही४ मध्ये कितीही नीट करा, शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला आपल्या घरातल्या माणसांची नावं विचारण्यासारखं होतं.

ज्यांच्या घरी प्रिंटर नाही, कॅमेरे नाहीत, त्यांनी यात पडू नये, उगाच पैसे आणि रविवार जातील. बाकीच्यांनी राउटर घेण्याआधी दुकानातच त्याच्या सेटिंगचं डेमो पान उघडून बघा की सेकंडरी रिकामा राहतो का, नाही राहिला तर घेऊ नका. कंपनीकडची माझी तक्रार ब्रिज मोड दिल्यावर "सोडवली" म्हणून बंद झाली होती, ती मी परत उघडलीये. मला दिलात, ठीक, पण तोच डबा आमच्या गल्लीत घरोघरी आहे, तो रकाना रिकामा ठेवता येईल असा एक फर्मवेअर अपडेट सगळ्यांना द्या. उत्तर आलं की खाली टाकतो.