कपाळावरच्या बॅटरीत एनेलूपचे सेल: १.२ व्होल्टला घाबरू नका

मी इंदूरला वायरिंगची कामं करतो, जास्त करून रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या घरांत. मेन बंद केला की माळ्यावर नाही तर जिन्याखाली मीटरपाशी काळोख, आणि हातात पक्कड-टेस्टर. त्यामुळे कपाळावर बांधायची एलईडी बॅटरी रोज लागते. तिच्यात तीन बारीक ट्रिपल-ए (AAA) सेल बसतात. मी पॅनासॉनिकचे पांढरे, पुन्हा चार्ज होणारे एनेलूप घालतो आणि दुसऱ्यांनाही तेच घ्यायला सांगतो.

पाकिटावरचं १.२ व्होल्ट वाचून लोक नाक मुरडतात. एकदाच वापरायचा अल्कलाइन सेल १.५ चा, म्हणजे हा कमजोर, असं धरून चालतात. पण बॅटरी चालू ठेवून सेलला मल्टिमीटर लावा. अल्कलाइनचं व्होल्टेज जे उतरायला लागतं, ते उतरतच जातं. एनेलूप मात्र जवळजवळ संपेपर्यंत १.२ च्या आसपास तग धरतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन एनेलूपचे ३.६ झाले, तेवढे पुरतात. ताज्या अल्कलाइनवर सुरुवातीला उजेड जास्त पडतो, हे खरं, आणि करंट आवरायला नुसता रेझिस्टर टाकलेल्या स्वस्त बॅटरीत तो फरक डोळ्याला कळतो. पण मला शेवटच्या जोडाला लाल वायर कुठली नि तपकिरी कुठली हे दिसायला हवं असतं, आणि तिथे एनेलूपच कामाला येतो. एक मात्र आहे, संपताना तो फारशी सूचना देत नाही, झपकन बसतो. दुसरा संच खिशात हवाच.

आता कपॅसिटी. एका सेलवर ८०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलमधला साठा) असतं. महाराणी रोडवर एका काउंटरवर मला सांगण्यात आलं, "तीन सेल, म्हणजे चोवीसशे." साफ चूक. सेल एकामागे एक जोडले की व्होल्ट वाढतात, एमएएच ८०० च राहतात. बॅटरी २०० मिलीअँपिअर ओढत असेल तर चार तासांच्या आसपास उजेड मिळेल, बारा नाही. खरी तुलना वॉट-तासांत (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास) करावी: ३.६ गुणिले ०.८, म्हणजे २.८८. एक चांगला १८६५० लिथियम सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) ३.६ व्होल्ट आणि ३००० एमएएचचा असतो, म्हणजे १०.८. पावणेचार पट! राखणदाराला लांबवर झोत टाकायचा असेल तर त्याने तोच घ्यावा. फक्त ९८०० एमएएच छापलेला सेल दिसला तर हात लावू नका. त्या मापाच्या सेलमध्ये एवढं मावतच नाही, साडेतीन हजाराच्या आसपास म्हणजे उत्तम माल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा: अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बरेचदा पुष्कळ हलका निघतो.

ट्रिपल-ए मापाचेच, पण ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. ते तीन अशा बॅटरीत घातलेत तर पूर्ण चार्ज असताना १२ व्होल्टच्या वर जातं आणि एलईडी जळते. माप बसलं म्हणून सेल चालेल असं नसतं.

जुने रिचार्जेबल सेल पिशवीत पडल्या पडल्या उतरायचे. सान्यो कंपनीने (ती पुढे पॅनासॉनिकमध्ये गेली) २००५ साली एनेलूप आणला तो हीच अडचण काढायला, आणि ती निघाली आहे. महिनाभर पडून राहिलेला संचही काम भागवतो.

चार्जर घेताना प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला घ्या. स्वस्तातले चार्जर सेल जोडीने चार्ज करतात, आणि आपल्याला लागतात तीन. शिवाय जोडीतला एक जास्त उतरलेला असला की तो अर्धवट राहतो आणि दुसरा गरम होतो. तिन्ही सेलवर मार्करने एकच खूण करून ठेवा म्हणजे संच विखुरणार नाही. जुना-नवा मिसळला तर कमजोर सेल आधी संपतो आणि बाकीचे दोन त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, तो उलटा चार्ज होतो आणि त्यात कायमचा जातो.