गच्चीला पांढरा रंग की झाडांसाठी मातीचा थर?

उन्हाळ्यात वरचा मजला भाजून निघतो, पावसात खालचा रस्ता तुंबतो आणि पैसे मात्र एकाच कामापुरते आहेत. मग करायचं काय?

आधी वजन पाहा, निम्मा निर्णय तिथेच होतो. १० सेंमी साध्या मातीचा थर भिजला की चौरस मीटरला साधारण १६० ते २०० किलो भरतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब तपासल्याशिवाय तो टाकूच नका. रंगाचं वजन नगण्य.

उष्णतेत रंग तोडीस तोड. चांगला नवा रंग सुमारे ८० टक्के ऊन परत फेकतो. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, धूळ बसली की हा आकडा घसरतो. उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुवायलाच हवी. माती आणि झाडं बाष्पीभवनाने गारवा देतात, पण पाणी तोडलं की तो कमी होतो.

पावसाला रंगाचा काहीच उपयोग नाही. कोरडी १० सेंमी माती २० ते ३० मिमी पाऊस धरते. सलग झडीत ती आधीच भरलेली असते.

रंगाआधी शेवाळ घासा, भेगा भरा, उतार दुरुस्त करा. पाणी साचतं तिथेच पोपडे सुटतात. मातीखाली वॉटरप्रूफिंग, मुळं रोखणारा पडदा, निचऱ्याचा थर, गाळणीचं कापड, खालून वर याच क्रमाने. माती टाकण्याआधी ४८ तास पाणी भरून गळती तपासा, नंतर सगळं उपसावं लागतं.

जुनी इमारत, पत्र्याचं छप्पर, कमी पैसे: रंग. मजबूत स्लॅब, तुंबणारी गटारं आणि रोज लक्ष देणारा माणूस असेल, तर माती.