छोट्या कारखान्याची एअर रायफल: लोखंड चांगलं, कारागिरी घाईची

४.५ मिमी, नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल. छत्रपती संभाजीनगरकडच्या एका लहान वर्कशॉपचा माल. सागवानी दस्ता सुरेख, ट्रिगर मात्र जड.

घेताना नळी अर्धी उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा. खेळ जाणवला तर पिव्हट बोल्ट (नळी ज्यावर दुमडते तो) आवळून घ्या. तरीही हलली तर वॉशर पातळ आहे, परत करा. मग नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपर ठेवून पेलेट (शिशाची छोटी गोळी) झाडा. कागद उडाला की सांध्यातली रबरी ओ-रिंग गळतेय. दस्त्याचे स्क्रू शंभरेक पेलेटनंतर ढिले होतात, त्यावर निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा. पिस्टनपुढे, हवा दाबली जाते तिथे, तेल ओतू नका, ते पेटून धूर निघतो आणि सील जळतं. पेलेटशिवाय झाडणं तर नकोच, स्प्रिंग आणि सील दोन्ही जातात.

कसर हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे भट्टीत तापवून पोलाद कडक करण्यात, दिसते. असं काम बाहेर देताना थोडक्या नगांसाठी भट्टीवाला सहज तयार होत नाही, म्हणून लॉट साठेपर्यंत ऑर्डर रखडते. स्पर्धेतले नेमबाज परदेशी पीसीपी (आधीच दाबाने हवा भरलेल्या रायफली) घेतात. अशा वर्कशॉपला गिऱ्हाईक उरतात शाळा आणि नवशिके, तेही भाव पाडून मागणारे. ऑर्डर रखडते, म्हणून पूर्ण आगाऊ रक्कम देऊ नका. जादा स्प्रिंग आणि दोन सील मात्र बिलातच लिहून घ्या.