यॉर्कला जाताय? आधी रेल्वे म्युझियम, मग बाकीचं

आमची लेक लीड्सला असते. तिथून यॉर्क गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. तिनं माझ्यासाठी यादी केली होती: मिन्स्टर (तिथलं मोठं जुनं चर्च), शॅम्बल्स, तटबंदी, चहा. मी पडलो कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातला निवृत्त फिटर. म्हटलं, आधी नॅशनल रेल्वे म्युझियम, मग तुझी यादी.

म्युझियम स्टेशनाच्या मागेच आहे, पण स्टेशनातच जरा थांबा. 1877 सालचं लोखंडी छत रुळांबरोबर वळत गेलंय. लोक मोबाइल बघत त्याच्याखालून निघून जातात.

म्युझियमला प्रवेश मोफत. मोठ्या दालनाच्या मधोमध टर्नटेबल, म्हणजे इंजिन फिरवायची गोल तबकडी, आणि भोवती इंजिनं. गर्दी असते ती मॅलार्ड या निळ्या इंजिनापुढे. 3 जुलै 1938 रोजी तिनं ताशी 126 मैल, म्हणजे सुमारे 203 किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या बिग एंडचं, म्हणजे दांडा क्रँकला जोडतो त्या टोकाचं, बेअरिंग तापून गेलं आणि बाईसाहेब कशाबशा पीटरबरोपर्यंत पोचल्या. फोटो काढणाऱ्यांना वेगाचं कौतुक. मला त्या रात्री शेडमध्ये ड्यूटीवर असणाऱ्या फिटरची दया आली.

माझा खरा वेळ गेला तो एलरमन लाइन्सपाशी. हे इंजिन बाजूनं कापून उघडं ठेवलंय. फायरबॉक्स, बॉयलरच्या ट्यूबा, सिलिंडरमधला पिस्टन, सगळं एका नजरेत. कोळशापासून चाकापर्यंत जोर कसा पोचतो हे मी घरी कित्येकदा हातवारे करून सांगितलं असेल, लेकीला ते इथं पाच मिनिटांत कळलं. तुमच्याबरोबर मुलं असतील तर जपानच्या बुलेट ट्रेनच्या डब्याकडे पळण्याआधी त्यांना इथं उभं करा.

पलीकडे चीनसाठी 1935 साली बांधलेलं केएफ सेव्हन इंजिन आहे. एवढं थोराड, की इंग्लंडच्या पुलांखालून आणि बोगद्यांतून ते जाऊच शकलं नसतं. ते बांधलं व्हल्कन फाउंड्रीनं. 1853 साली बोरीबंदर-ठाणे गाडीला जोडलेली इंजिनं त्याच कारखान्यातली. आणि आमच्या बार्शी लाइट या छोट्या रेल्वेची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्याची. लेक राहते त्याच गावची! हे ऐकवल्यावर जावईबापूंनी पहिल्यांदा मोबाइल खिशात घातला.

मिन्स्टरला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही, तरी काढा. पूर्वेकडची मोठी खिडकी जॉन थॉर्नटननं 1405 ते 1408 या काळात केली. सगळी रंगीत काच, टेनिस कोर्टाएवढी. जवळ दुर्बीण असेल तर न्या, वरची चित्रं नुसत्या डोळ्यांना लागत नाहीत. तटबंदीवर फुकट फिरता येतं. सगळी मिळून साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. गुडघे कुरकुरत असतील तर स्टेशनाजवळचा मिन्स्टर दिसणारा तुकडा पुरे. शॅम्बल्स ही जुनी खाटकांची गल्ली, दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. दुपारी तिथं दिवाळीतली तुळशीबाग असते. सकाळी लवकर जा, नाहीतर टाळा.

आता खाणं. बेटीज या चहाच्या दुकानाचं नाव सगळे सांगतात. आत बसायला रांग लागते, म्हणून आम्ही दुकानाच्या काउंटरवरून फॅट रास्कल घेतला. स्कोन या चहाबरोबरच्या छोट्या इंग्लिश पावाचा थोरला भाऊ, वर चेरी-बदामाचा चेहरा. चांगला आहे, पण चहाशिवाय घशात बसतो. यॉर्कशर पुडिंग गोड नसतं, हे आधीच सांगून ठेवतो. अंडं, मैदा, दूध कडकडीत तापलेल्या चरबीत भाजतात, आणि ती चरबी बहुधा गायीबैलाची. या भागात फिश अँड चिप्सच्या पुष्कळ दुकानांत तळणही त्याच चरबीचं असतं, म्हणजे नुसते बटाटे मागवूनही उपयोग नाही. पाळत असाल तर आधी विचारा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

मला सगळ्यात आवडला तो कर्ड टार्ट. फाडलेल्या दुधाचा चोथा, बेदाणे, जायफळ. जायफळाचा वास आला आणि सौ.नी दुसरा मागवला. एक घरी न्यायला बांधूनही घेतला, पण तो लीड्सपर्यंत टिकला नाही.