मेल जात नाही म्हणून शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर

कॉम्प्युटरवर मेल येतोय पण जात नाही, अशी अडचण आली तर कृपया इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. माझ्या मोठ्या काकांनी, आमच्या अण्णांनी, असाच नंबर शोधला आणि त्यांचे ५२,९९९ रुपये गेले. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. नाव देऊ नकोस, पण सगळं सविस्तर लिही, असं त्यांनीच सांगितलं.

अण्णा निवृत्त शिक्षक आहेत आणि डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभासदांना पूर्ण चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस, विषयपत्रिका, ताळेबंद हे सगळं अण्णा थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममधून पाठवतात. नोटीस काढायची वेळ आली आणि नेमका मेल जाईना. सभासदांचे मेल मात्र व्यवस्थित येत होते. मुदत डोक्यावर, मुलगा परदेशात, तिकडे मध्यरात्र. त्यांनी सर्चमध्ये प्रोग्रॅमचं नाव टाकून पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ लिहिलं. सगळ्यात वर जो नंबर आला, तो लावला.

थंडरबर्ड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. त्यासाठी फोनवर मदत करणारं कोणी बसलेलंच नसतं. म्हणजे त्या नावाने जो नंबर दिसेल तो खोटाच. आणि सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी ओळ ही बरेचदा पैसे भरून टाकलेली जाहिरात असते, हेही अनेकांना माहीत नसतं.

फोनवरचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. त्याने आधी कॉम्प्युटरवर दुरून स्क्रीन बघता येणारं ॲप घ्यायला लावलं. मग विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि म्हणाला, “सर, आपका मेल सर्व्हर हॅक हो चुका है, इसीलिए भेजना बंद है.” ही यादी कुठल्याही धडधाकट कॉम्प्युटरवर दिसते. छोट्यामोठ्या बारीकसारीक नोंदी तिथे रोजच पडत असतात. तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर आज उघडून बघा, म्हणजे उद्या कोणी दाखवली तर घाबरायला होणार नाही.

‘सर्व्हर रिन्युअल’ म्हणून ४,९९९ रुपये यूपीआयने घेतले. पैसे कंपनीच्या नाही, एका व्यक्तीच्या नावावर गेले. मग तेच ॲप मोबाइलवर टाकायला सांगितलं, मेल तिथेही चालू करून देतो म्हणून. नंतर पावती बँकेच्या नोंदीशी जुळवायची आहे असं सांगून नेटबँकिंग उघडायला लावलं. पासवर्ड टाइप होताना समोरच्याने पाहिला, ओटीपी मोबाइलच्या स्क्रीनवर आला तोही त्याने वाचला. अण्णांनी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. ‘ओटीपी सांगू नका’ एवढंच आपण घरातल्या मोठ्यांना बजावत राहतो, पण मोबाइलची स्क्रीनच दुसऱ्याला दिसत असेल तर सांगायची गरजच उरत नाही. २४,००० रुपये दोनदा गेले. अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ही युक्ती इतकी जुनी आहे.

संध्याकाळी काकूंनी बँकेचे मेसेज पाहिले आणि मला फोन केला. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, बँकेला कळवून खातं गोठवायला सांगितलं आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्यामुळे दुसरे २४,००० पुढच्या खात्यात अडवले गेले. पहिले गेले ते गेलेच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाकडून गोपनीय माहिती बाहेर गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी रात्रभर गप्प बसू नका. अण्णा तर आम्हाला सांगायलाही तयार नव्हते, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

आता मूळ बिघाड. तो खरं तर पाच मिनिटांचा होता. मेल येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असतो. पत्र पोस्टमन घरी आणून देतो, पण टाकायला आपल्याला पेटीपर्यंत जावं लागतं, तसंच हे. येणारा मेल आयमॅप किंवा पॉप नावाच्या सर्व्हरवरून येतो, जाणारा एसएमटीपी सर्व्हरवरून जातो, आणि दोघांची सेटिंग्ज स्वतंत्र असतात. मेल येतोय याचा अर्थ इंटरनेट चालू आहे आणि खातंही चालू आहे. अडलंय ते फक्त जाणाऱ्या बाजूचं काहीतरी.

अण्णांनी त्याच आठवड्यात जुनं केबलचं इंटरनेट बंद करून फायबर घेतलं होतं. थंडरबर्डमध्ये जाणाऱ्या मेलसाठी जुन्या इंटरनेटवाल्याचाच सर्व्हर कित्येक वर्षं घातलेला होता, आणि असे सर्व्हर बहुधा स्वतःच्या ग्राहकांचेच मेल पुढे पाठवतात. नवीन जोडणीवरून गेलेला मेल त्याने नाकारला. एररच्या खिडकीत ५५० आकडा आणि ‘रिलेइंग’ (मेल पुढे पाठवणं) हा शब्द होता, म्हणजे कारण तिथेच लिहिलेलं होतं. अकाउंट सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ असतो. तिथे मेलखातं ज्यांच्याकडे आहे त्यांचाच एसएमटीपी पत्ता घातला, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक म्हणा) ५८७ केला, सुरक्षित जोडणीसाठी स्टार्टटीएलएस निवडलं, युजरनेम-पासवर्ड दिला. नोटीस गेली.

तुमच्याकडे कारण दुसरं असू शकेल. जुन्या सेटिंगमध्ये पोर्ट २५ असेल तर बऱ्याच इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर तो बंद ठेवतात. तिथे ५८७ किंवा ४६५ चालतो. जीमेलने मे २०२२ पासून बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड घेणं बंद करत आणलं. येणारी बाजू नव्या पद्धतीने जोडलेली आणि जाणाऱ्या बाजूला मात्र जुनाच पासवर्ड, असं असेल तर हीच अडचण येते. मग ‘ओऑथ२’ (गूगलच्याच पानावर लॉगिन करून परवानगी द्यायची ती नवी पद्धत) निवडावं, नाहीतर त्या प्रोग्रॅमपुरता सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड जीमेलखात्यातून काढावा. आणि फाइल २५ एमबीपेक्षा मोठी असेल तर जीमेलवरून ती जोडून जाणारच नाही. काहीच जमलं नाही तर ब्राउझरमधून तेच मेलखातं उघडा आणि तिथून पाठवा. निकड तिथेच संपते. अण्णांना त्या सकाळी एवढं कोणी सांगायला हवं होतं.

असा प्रकार घडलाच असेल तर आधी इंटरनेट तोडा, ते ॲप दोन्हीकडून काढा आणि सगळे पासवर्ड दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून बदला. मेलखात्यातला फॉरवर्डिंगचा पत्ताही बघा. अण्णांच्या खात्यात एक अनोळखी पत्ता घातलेला सापडला. सभासदांच्या प्रत्येक मेलची प्रत तिकडे जात होती. त्यांनी सगळ्या सभासदांना स्वतः फोन करून हे कळवलं.

तक्रार नोंदवल्यावर अण्णांना आता वेगळेच फोन येतात. “सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, प्रोसेसिंगचे दोन हजार भरा.” पैसे किती गेले तो आकडाही फोन करणाऱ्यांना बरोबर माहीत असतो. हे तेच लोक, किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेले दुसरे. तक्रारीचं पुढे काय झालं ते अण्णा पोर्टलवर पोचक्रमांक टाकून नाहीतर पोलीस ठाण्यात जाऊनच विचारतात, आणि अनोळखी नंबर काकू उचलू देत नाहीत.