मांडीत धरायचे शी-शूचे भांडे: अंगावर पिणाऱ्या बाळासाठी कितपत उपयोगी?

तान्ह्या बाळाच्या हालचाली आणि वेळा ओळखून त्याला शी-शूला धरण्याची पद्धत ‘एलिमिनेशन कम्युनिकेशन’ या नावाने प्रचलित झाल्यापासून तिच्यासाठीची खास साधनेही विक्रीस येऊ लागली आहेत. असाच एक संच आम्ही बाळ दीड महिन्याचे असताना घेतला. आता ते सहा महिन्यांचे होत आले आहे. संचात मांडीत धरायचे लहान भांडे, त्याच्या काठावर चढवायची कापडी पट्टी, कमरेचा इलास्टिकचा पट्टा आणि त्यात अडकवायचे लंगोट, अंथरायची जलरोधक चादर, नोंदींचा तक्ता आणि एक माहितीपुस्तिका एवढ्या वस्तू आहेत. आमचे बाळ केवळ अंगावर पिते. या संचातली कोणती वस्तू कामाची आणि कोणती अडगळीची, हे बहुतांशी त्या एका गोष्टीवर ठरले.

सर्वांत आधी भांड्याविषयी, कारण पैसे वसूल होतात ते त्यातच. उलट्या टोपीच्या आकाराचे हे भांडे खाली निमुळते आणि वर रुंद काठाचे आहे. आपण बसल्यावर दोन्ही मांड्यांच्या मध्ये ते घट्ट बसते आणि हात मोकळे राहतात. जमिनीवर ठेवायच्या पॉटीत ही सोय नसते. शिवाय ज्या बाळाची मान अजून पुरती धरलेली नाही, त्याला तशा पॉटीवर बसवणे सुरक्षितही नसते. येथे बाळाची पाठ आपल्या पोटाला टेकलेली, आपले तळवे त्याच्या मांड्यांखाली आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर, अशी उकिडवी बैठक आपोआप साधते. त्या बैठकीत पोटावर हलका दाब येतो आणि शौचाचा मार्ग सरळ होतो, त्यामुळे बाळाला कमी कुंथावे लागते. खोक्यावरच्या चित्रात मात्र एक बाळ भांड्यावर एकटेच हसत बसलेले दाखवले आहे. ते चित्र दिशाभूल करणारे आहे. या भांड्याला पाठ नाही, तळ अरुंद आहे आणि पूर्ण वजन पडले की ते कलते. बाळाला त्यावर एकटे सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

भांड्याची खरी परीक्षा पाजताना होते, आणि तेथे ते उत्तम उतरते. पोटात दूध जाऊ लागले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते; ही प्रतिक्षिप्त क्रिया मोठ्यांतही असते, परंतु तान्ह्या बाळात ती विशेष जोरकस असते. म्हणूनच अंगावर पिणारी अनेक बाळे पिता पिताच शी करतात. आमच्या बाळाची खूण अशी, की ते नीट पीत असताना मध्येच तोंड सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते, पाय पोटाशी घेते आणि झटकते. पुष्कळदा याचा अर्थ दूध कमी येते आहे किंवा ढेकर अडकली आहे असा लावला जातो. अशा वेळी लंगोट सोडून भांडे मांडीत घेतले, बाळाचे बूड त्यावर टेकवले आणि डोके कोपरात ठेवून पाजणे चालू ठेवले, तर थोड्याच वेळात ते शांतपणे पिऊ लागते आणि खालचे कामही होते. हे करताना उठावे लागत नाही, बाळाला अंगावरून काढावे लागत नाही आणि बाळही रडत नाही. केवळ एवढ्यासाठी मी हे भांडे पुन्हा घेईन. एक सूचना मात्र पुस्तिकेत हवी होती आणि ती नाही: दूध पिणाऱ्या बाळाची शी बहुधा एका दमात होत नाही. पहिला सपाटा झाल्यावर ते थांबते, थोडे पिते आणि मग उरलेली करते. पहिल्याच आवाजाला भांडे बाजूला ठेवणाऱ्याच्या मांडीवर पुढचा भाग येतो.

काठावरच्या कापडी पट्टीची कल्पना चांगली आहे. गार काठ उघड्या त्वचेला लागला की बाळ दचकते आणि आखडून घेते. परंतु पट्टीची शिवण पुढच्या बाजूला आली आहे, आणि आमचा मुलगा असल्यामुळे शूची धार नेमकी त्या शिवणीवर पडते. शिवणीत ओल राहते, पट्टी उशिरा वाळते, आणि सोबत दिलेली एकच असल्यामुळे बदलायला दुसरी नसते. आम्ही जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी शिवून घेतली आणि ती अधिक चांगली चालते. बसवताना मुलाची शू खाली वळवून बाळाला किंचित पुढे झुकते धरले, तर धार भांड्यातच पडते. मुलगी असेल तर थोडे मागे टेकलेले धरणे सोयीचे पडते.

भांडे आतून पांढरे आहे, आणि ही क्षुल्लक वाटणारी बाब मला फार महत्त्वाची वाटते. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी साधारणपणे मोहरीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार आणि किंचित आंबूस वासाची असते. कधी ती हिरवट होते, आणि बाळ खेळते, पिते असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पण शी पांढुरकी किंवा मातकट राखाडी दिसली, तर पित्त आतड्यात नीट उतरत नसल्याची ती खूण असू शकते आणि डॉक्टरांकडे विनाविलंब जावे लागते. रक्त दिसले तरीही तसेच. डायपरमध्ये शोषले गेलेले पाहून जे कळत नाही, ते पांढऱ्या भांड्यात एका नजरेत कळते. याच कारणाने या भांड्याची जी गडद रंगातली आवृत्ती मिळते, ती घेऊ नये असे मी सुचवेन. धुण्याचा त्रास म्हणाल तर जवळजवळ नाही. दुधावरची शी पाण्याने सहज निघते. अपवाद एकच: तळाशी घसरू नये म्हणून लावलेले रबराचे कडे. त्याच्या खाचेत थेंब साचतात, आणि कडे काढून धुतले नाही तर दोन दिवसांत वास येऊ लागतो. काढलेले कडे पुन्हा बसवणे हे मात्र चिकाटीचे काम आहे.

आता तक्त्याकडे वळू, कारण या संचातली सर्वांत सदोष वस्तू तीच आहे. त्यात दिवसाचे तास आखलेले असून प्रत्येक चौकोनात ‘जमले’ किंवा ‘चुकले’ अशी खूण करायची आहे. या मांडणीत दोन गफलती आहेत. पहिली अशी, की अंगावर पिणाऱ्या बाळाला घड्याळ नसते. ते मागेल तेव्हा पिते, आणि जागेपणी त्याला इतक्या वारंवार शू होते की तासांच्या चौकटीत ती बसवणे व्यर्थ आहे. शीचे तर त्याहून वेगळे. पहिल्या काही आठवड्यांत दिवसातून अनेकदा होणारी शी साधारण सहा आठवड्यांनंतर एकाएकी विरळ होऊ शकते. कधी कधी कित्येक दिवस होतच नाही, आणि झाल्यावर ती मऊच असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे. ‘रोज सकाळी एकदा’ असा रकाना छापणाऱ्याने हे लक्षात घेतलेले दिसत नाही; तो रकाना रिकामा पाहून एखादी नवी आई विनाकारण बाळाला तासन्‌तास धरून बसेल.

दुसरी गफलत अधिक गंभीर आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाने किती दूध घेतले हे मोजता येत नाही. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान ६ ओले लंगोट व्हावेत आणि वजन वाढत राहावे, अशा खुणांवरून ते पुरेसे पिते की नाही याचा अंदाज घेतला जातो. शी-शूला धरू लागलो की ओल्या लंगोटांची संख्या घटणारच. म्हणजे भांड्यात झालेली आणि लंगोटात झालेली अशा दोहोंची बेरीज ठेवणारा तक्ता येथे हवा होता. यश-अपयशाच्या खुणांपेक्षा ती बेरीज बाळाच्या वजनाची काळजी वाहणाऱ्या आईला कितीतरी उपयोगी पडली असती. आम्ही तक्ता उलटा करून कोऱ्या बाजूवर दोन साधे रकाने आखले.

माहितीपुस्तिका छान छापलेली असून तिच्या पहिल्याच पानावर ‘सहा महिन्यांत डायपरमुक्ती’ असे आश्वासन आहे. आधार म्हणून पूर्व आफ्रिकेतील डिगो समाजाचा उल्लेख केला आहे. तो उल्लेख खोटा नाही: ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात १९७७ साली मार्टेन आणि रेचेल डेव्हरीस यांनी नोंदवले होते, की तेथे पहिल्या आठवड्यांपासूनच बाळाला ठरावीक बैठकीत धरून विशिष्ट आवाज काढला जातो, प्रतिसाद मिळाला की लगेच त्याला पाजले जाते, कुरवाळले जाते, आणि पाच-सहा महिन्यांत ते दिवसा व रात्री कोरडे राहू लागते. पुस्तिकेने गाळले आहे ते असे, की तेथे बाळ जवळजवळ सतत कुणाच्या तरी अंगाशी असते आणि त्याची चुळबुळ ओळखणारी माणसे भोवताली असतात. भांडे विकत घेतल्याने ती माणसे मिळत नाहीत. याच नियतकालिकात १९६२ साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबण्याची जी पद्धत मांडली, तिचा तर पुस्तिकेत मागमूसही नाही. या दोन विचारांत कोण खरे असा वाद घालण्याचे मला कारण दिसत नाही, कारण दोघांचा ‘कोरडे’ म्हणण्याचा अर्थ वेगळा आहे: एकात मोठ्या माणसाच्या साहाय्याने, दुसऱ्यात मुलाने आपले आपण. परंतु वस्तू विकणाऱ्याने हा फरक पुसून टाकणे योग्य नव्हे. आमचे बाळ डायपरमुक्त झालेले नाही. शी बहुतेक वेळा भांड्यात होते, शू काही वेळा होते, आणि आम्ही यावर समाधानी आहोत.

पट्टा आणि लंगोट यांविषयी थोडक्यात सांगायचे तर लंगोट मऊ आणि चटकन सुटणारे आहेत, पण इलास्टिकचा पट्टा पोटभर प्यालेल्या बाळाला काचतो आणि वळ उठतो. नाडीचे लंगोट अधिक बरे. चादर ठीक आहे.

रात्रीच्या वापराबाबत पुस्तिका दर दोन तासांनी बाळाला उठवून धरण्यास सांगते. हा सल्ला मी साफ धुडकावला. गाढ झोपेत बाळाला सहसा शू होत नाही. आधी ते चाळवते, कण्हते, मान वळवते. तेवढ्यात पाजायला घेतानाच एकदा धरले तर पुरते, आणि ते न जमल्यास रात्री डायपर घालण्यात कमीपणा मानू नये. भांड्याला घट्ट झाकण असल्यामुळे अंधारात लगेच उठून ते ओतून यावे लागत नाही, ही रात्रीची मोठी सोय आहे.

विक्रेत्याने भांडे ‘दोन वर्षांपर्यंत’ चालेल असे म्हटले आहे, त्यावर विसंबू नये. आमचे बाळ आता पाठ ताठ करून बाजूला वळू लागले आहे. तसे केले की भांडे मांडीतून निसटते. ताठ होणे हा त्याचा नकार असल्यामुळे अशा वेळी आम्ही ते जबरदस्तीने धरत नाही. काठ बाळाच्या मांड्यांना आताच घट्ट होऊ लागला असून जास्त वेळ बसल्यास तांबडी खूण उमटते. बाळ आधाराशिवाय बसू लागेल तेव्हा रुंद तळाची साधी पॉटी घ्यावीच लागेल, तेव्हा भांडे सुटे मिळत असेल तर तेवढेच घ्यावे. संपूर्ण संचाची किंमत मोजण्याइतके बाकीच्या वस्तूंत काही नाही.