प्रायमर विकणाऱ्या खोट्या साइट्सपासून सावध राहा

अमेरिकेत राहणारे आणि घरी काडतुसं भरणारे, म्हणजे रिलोडिंग करणारे मराठी लोक थोडेच असतील. पण जे आहेत त्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं, कारण प्रायमरच्या, म्हणजे काडतुसातली दारू पेटवणाऱ्या छोट्या भागाच्या, नावाने चालणारी ही लूट अजून थांबलेली नाही.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. बायको गॅस स्टेशनचं दुकान सांभाळते आणि रात्री गल्ला बंद करून एकटीच निघते. तिच्याकडे परवाना आहे आणि कमरेला थ्री-एटी एसीपीचं छोटं पिस्तूल. 1908 साली कोल्ट कंपनीने जॉन ब्राउनिंग या रचनाकाराच्या पिस्तुलासोबत बाजारात आणलेलं हे काडतूस आजही खिशात मावणाऱ्या पिस्तुलांसाठी वापरतात. पिस्तूल जितकं छोटं, तितका हाताला झटका जास्त आणि नेम धरायला जागा कमी. सराव सुटला की ते जवळ असून नसल्यासारखं. आणि सरावाला काडतुसं लागतात. थ्री-एटीची तयार पेटी नाइन एमएमपेक्षा महाग पडते, म्हणून मी नेमबाजीच्या रेंजवरच्या आमच्याच रिकाम्या पुंगळ्या वेचून घरी भरतो. जेमतेम सतरा मिलिमीटरची पुंगळी, गवतात पडली की शोधताना डोळे फुटतात, पण एकच पुंगळी अनेकदा वापरता येते. प्रायमरचं तसं नाही. पुंगळीच्या बुडाशी बसणारी ही मसुराच्या दाण्याएवढी धातूची वाटी प्रत्येक गोळीला नवी लागते आणि ती घरी बनवायची वस्तू नव्हे.

2020 साली नेमके प्रायमरच गायब झाले. कोरोना, दंगली, निवडणूक, सगळं एकाच वर्षात. त्या वर्षी बंदूक खरेदीशी संबंधित एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासण्या 3 कोटी 97 लाखांच्या घरात गेल्या. जुलैमध्ये काडतुसं आणि प्रायमर बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. उरलेल्या कंपन्या आपले प्रायमर आधी स्वतःच्या तयार काडतुसांत घालणार, हे उघडच होतं. जो हजार प्रायमरचा डबा आधी तीस-पस्तीस डॉलरला मिळायचा, त्याला लोक शंभर आणि वर मागू लागले. दुकानातली फळी महिनोन्महिने रिकामी.

अशा वेळी इंटरनेटवर एक साइट समोर आली. सगळ्या कंपन्यांचे प्रायमर ‘इन स्टॉक’. पाच हजार प्रायमरची पेटी 175 डॉलरला, पोस्टेज फुकट. ‘1987 पासून कौटुंबिक व्यवसाय’, आजोबा-नातवाचा फोटो, खाली कौतुकाचे अभिप्राय. चॅटवर विचारलेल्या प्रश्नाला मिनिटभरात उत्तर. पैसे मात्र फक्त झेलने (बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सोय) किंवा बिटकॉइनने. ‘कार्ड कंपन्या बंदुकीच्या मालाचे व्यवहार अडवतात’ असं कारण त्यांनी दिलं, आणि ते पटण्यासारखं होतं, कारण पेपालवर दारूगोळ्याची विक्री खरंच चालत नाही. अर्धं खरं सांगून पुढचं खोटं खपवण्यात ही माणसं तरबेज आहेत. झेलच्या मेमोत प्रायमर, अमो (दारूगोळा) असले शब्द लिहू नका, ‘बर्थडे गिफ्ट’ लिहा, असंही त्यांनी सांगितलं. ही सूचना मुद्दाम असते. पुढे तक्रार केली की बँकेच्या नोंदीत तुम्हीच कुणाला तरी वाढदिवसाची भेट पाठवलेली दिसते.

पैसे गेले. दोन दिवसांनी कुरिअरच्या नावाने मेल आली: माल धोकादायक वर्गातला आहे, 350 डॉलर विमा भरा, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळतील. इथे मी थांबलो आणि बँकेला फोन लावला. बँकेचं उत्तर असं की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले, म्हणजे हा अनधिकृत व्यवहार नाही, आम्ही परत देऊ शकत नाही. खातं हॅक करून कोणी पैसे काढले तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. फसवून तुमच्याकडूनच पाठवून घेतले तर हात वर. मला हे साफ अन्यायाचं वाटतं, पण आज स्थिती अशी आहे. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान वाद घालून परत मागण्याची सोय होती.

मग मी ती साइट बारकाईने तपासली. ‘1987 पासून’ म्हणणाऱ्या दुकानाचं डोमेन काही आठवड्यांपूर्वी नोंदवलेलं. दिलेला पत्ता उपग्रह नकाशावर टाकला तर मोकळं शेत. ‘स्मॉल पिस्टल’ असं लिहिलेल्या मालाचा फोटो मोठा करून पाहिला, तर डब्यावर स्पष्ट ‘लार्ज रायफल’, म्हणजे वेगळ्याच प्रकारचे प्रायमर, असं छापलेलं, आणि कोपऱ्यात दुसऱ्याच दुकानाचा अर्धवट पुसलेला वॉटरमार्क.

पण सगळ्यात पक्की खूण फुकट पोस्टेजची आहे, आणि ती नीट समजून घ्या. प्रायमर हा स्फोटक माल आहे. अमेरिकेची सरकारी टपाल सेवा (यूएसपीएस) तो स्वीकारतच नाही. यूपीएस किंवा फेडएक्सने तो ठरावीक नियमांनी, ट्रकने जातो, आणि पार्सलमागे हॅझमॅट, म्हणजे धोकादायक मालाचं, शुल्क पडतं. खरा दुकानदार हे शुल्क आधी, बिलातच दाखवतो. कधी मोठ्या ऑर्डरवर सवलत देतो, पण तेही स्पष्ट लिहून. ज्या साइटवर हॅझमॅटचा उल्लेखच नाही, किंवा ‘यूएसपीएस प्रायॉरिटी मेलने पाठवू’ असं लिहिलंय, तिच्याकडे एकही प्रायमर नाही असं समजा. आणि खरं कुरिअर ‘परत मिळणारा विमा’ कधीच मागत नाही.

याहून वाईट प्रकार ओळखीतल्या एका ग्रीन कार्डधारकाच्या वाट्याला आला. त्याने विम्याचेही पैसे भरले. पुढची मागणी नाकारल्यावर तिसरी मेल आली: तुम्ही बेकायदा स्फोटकं मागवली आहेत, दंड भरला नाही तर एटीएफला (बंदुका-स्फोटकांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा) आणि इमिग्रेशनला कळवू. त्या माणसाची झोप उडाली. घरी बायकोलाही सांगेना. शेवटी त्याने त्यांना आणखी पैसे पाठवले, निव्वळ भीतीपोटी. खरं तर ग्रीन कार्ड असलेल्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला स्वतःच्या वापरासाठी प्रायमर विकत घ्यायला फेडरल परवाना लागतच नाही. त्याने काहीही गुन्हा केलेला नव्हता. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे: त्यांना काही अपवाद सोडता बंदूक आणि काडतुसं जवळ ठेवता येत नाहीत, तेव्हा त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेलाच जाऊ नये. चोरांना आपल्या नावावरून कळतं की हा माणूस बाहेरून आलेला आहे, आणि त्याची दुखरी नस कुठे आहे. याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

माल मिळाला नाही की काही जण दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं पिशवीतून विकत घेतात. तेही करू नका. धंदा म्हणून काडतुसं भरून विकायला उत्पादकाचा परवाना लागतो, आणि अनोळखी माणसाने आत किती पावडर घातली हे बाहेरून दिसत नाही. छोट्या पिस्तुलात जास्त भरलेली एक गोळी हातातच घात करू शकते.

मी एफबीआयच्या आयसी-थ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारी घेणाऱ्या विभागाकडे आणि ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवली, डोमेन देणाऱ्या कंपनीलाही पुरावे पाठवले. काही आठवड्यांनी साइट बंद पडली. मग तेच फोटो दुसऱ्या नावाच्या साइटवर दिसले, तिचीही तक्रार केली. पैसे परत आले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर आधी बँकेला कळवा, मेल पुसून टाकू नका, चॅटचे आणि पावतीचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपा. धमकीच्या मेलला उत्तर देऊ नका, ती तशीच तक्रारीला जोडा, आणि घरात कुणाला तरी त्याच दिवशी सांगा.